काटा शंभरावर

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, वायरींच्या गुंत्याखाली पडलेला हा जुना लॅपटॉप म्हणजे मी. माझं झाकण नीट मिटत नाही. एंटरच्या बटणावरचा बाण पुसला गेला आहे. अंगावर मात्र निळ्या कापडाचं, कोपऱ्यांना चामडं लावलेलं सुरेख कव्हर आहे. लॅपटॉपला इतकं छान कव्हर घातलेलं तुम्ही कधी पाहिलं नसेल. ते मला एका माणसानं प्रेमानं शिवून दिलं, आणि मी त्या प्रेमाच्या लायकीचा नव्हतो. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझं मन हलकं व्हायचं नाही.

कारखान्यातून मी चाळीस भावंडांबरोबर एका इंटरनेट कंपनीच्या कचेरीत आलो. पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटली आणि मला एका दुरुस्तीवाल्याच्या हवाली केलं. तो उंच होता आणि खांद्यावर कायम शिडी, म्हणून सगळे त्याला शिडीच म्हणत. त्याचं खरं नाव कचेरीतल्या हजेरीपटालाच ठाऊक असेल.

माझं काम सोपं होतं. नेट नीट चालत नाही अशी तक्रार आली की शिडी त्या घरी जायचा, भिंतीवरच्या डबीची वायर माझ्यात खुपसायचा आणि वेग तपासायचं पान उघडायचा. पडद्यावर एक गोल तबकडी यायची. काटा थरथरत निघायचा आणि शंभरावर जाऊन उभा राहायचा. "बघा, शंभर," शिडी म्हणायचा. घरातली माणसं गप्प व्हायची. शिडी त्या आकड्याचा फोटो तक्रारीला जोडायचा, 'ग्राहकाचे समाधान झाले का?' या प्रश्नापुढे 'हो' दाबायचा आणि तक्रार मिटायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचा भारी गर्व वाटायचा. माझ्यासमोर भांडायला आलेला माणूस आकडा बघून खाली बसायचा.

पण मित्रांनो, त्या काट्यातली मेख ऐका. वेग मोजायचा म्हणजे कुठून तरी कुठपर्यंत मोजायचा. मी मोजायचो तो घरापासून कंपनीच्याच तपासणी केंद्रापर्यंत, आणि ते केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत चालायचं आणि गावाला सांगायचं, आम्ही रोज चालतो! शिवाय तपासणी सुरू झाली की कंपनीची यंत्रं ती ओळखत, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटापुरती त्या घराची वाट मोकळी करत. तपासणी संपली की वाट पुन्हा अरुंद. नाव मोठं, लक्षण खोटं, अशातली माझी गत. तेव्हा मला हे उमगत नव्हतं.

ते उमगलं बाइंडरकाकांच्या घरी.

बाइंडरकाका पुस्तकं बांधायचे. एका खोलीत राहणं, पुढच्या खोलीत काम. खळीचा डबा, दाबपट्ट्या, दोऱ्याची रिळं, कापडाचे तुकडे. ते जन्मापासून ऐकू न येणारे आणि न बोलणारे होते. त्यांची एकुलती लेकही तशीच. दोघंही हातांनी बोलत. घरात तिसरी त्यांची धाकटी बहीण. तिला ऐकू यायचं, बोलता यायचं, आणि हातांची भाषाही यायची. शिडी तिला मावशी म्हणायचा.

पहिल्या तक्रारीला दार तिनंच उघडलं. "अहो, हात अडकतात," ती म्हणाली. शिडीला काही कळेना. तेव्हा तिनं नीट सांगितलं. लेक वर्षापूर्वी वडिलांच्या मनाविरुद्ध दूरच्या शहरात नोकरीला गेली होती. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आता रोज संध्याकाळी टॅबवर समोरासमोर येतात, पण इथून चित्र धड जातच नाही. काकांचे हात मधेच गोठतात. तिला अर्धं वाक्य दिसतं, आणि दोघंही वैतागून बंद करतात.

"लिहून कळवत का नाहीत?" शिडीनं विचारलं.

"लिहितात की. जेवलो, झोपलो, गोळी घेतली. पण राग गेलाय हे लिहून पटतं का रे कोणाला? व्हिडिओ पाठवूनही नाही, त्याला तिच्यासमोर बसून सांगायचंय."

शिडीनं मला उघडलं. काटा शंभरावर. "मावशी, आकडा बघा ना. लाइनीत काही नाही." त्यानं 'हो' दाबलं आणि आम्ही निघालो. महिन्यानं पुन्हा तक्रार, पुन्हा शंभर, पुन्हा 'हो'. काका दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. त्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची तार आलेली नव्हती, नाहीतर त्यांनी आम्हाला केव्हाच रामराम ठोकला असता.

तिसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ होती आणि टॅबवर लेक समोर होती. ती सारखी हात हलवत होती, दिसत नाही, पुन्हा सांगा. काका पुन्हा सांगत होते. शिडीनं वायर खुपसली, काटा निघाला, आणि एकदम तिकडे लेकीचे हात थांबले. ती टक लावून बघू लागली आणि हसली. वडिलांचे हात तिला अखंड दिसत होते. अर्ध्या मिनिटानं काटा थांबला, तशी ती पुन्हा हात हलवू लागली.

शिडीनं परत बटण दाबलं. चित्र परत मोकळं झालं. पाच वेळा दाबून त्यानं खात्री केली. इतकी वर्षं घराघरांत आपण काय दाखवत होतो, ते त्याला तेव्हा कळलं. मलाही कळलं.

काकांना मात्र निराळंच वाटलं. त्यांना वाटलं, हे यंत्रच औषध आहे. त्यांनी माझ्यावर हात ठेवला, मग आपल्या छातीवर ठेवला, आणि शिडीकडे बघत राहिले.

"ठेवून जा म्हणतोय," मावशी म्हणाली.

शिडीनं मला ठेवलं. कचेरीत त्यानं काय थाप मारली, मला माहीत नाही.

मग जे दिवस आले, ते माझ्या आयुष्यातले खरे दिवस. रोज संध्याकाळी काका टॅबसमोर बसत आणि मावशी स्टूल ओढून माझ्यापुढे. काटा थांबला रे थांबला की ती एंटर दाबायची. थांबला, दाब. थांबला, दाब. माझ्या एंटरवरचा बाण तिच्याच बोटानं पुसला गेला. "बोला लवकर, माझं बोट गळून पडेल," असं ती म्हणायची. ऐकायला कोणी नसायचं, तरी म्हणायची. काका आणि लेक आधी हवापाण्याचं बोलले. मग तिच्या खोलीचं, कामाचं, तिथल्या मैत्रिणींचं. भांडणाचा विषय दोघंही टाळत होते. पण काकांचा चेहरा निवळत चालला होता. याच दिवसांत त्यांनी माझं माप घेतलं आणि हे निळं कव्हर शिवलं. ते मला चढवताना मला फार लाज वाटली. त्यांची तक्रार दोनदा दाबून टाकणारा मीच, आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटापुरती वाट उघडली म्हणून सत्कारही माझाच.

मग हात दाखवून अवलक्षण झालं. एका घरातून दिवसाला शंभराच्या वर तपासण्या होतात, हे कचेरीत दिसलं. साहेबांनी शिडीला बोलावलं आणि मला टेबलावर ठेवायला लावलं.

"तपासणी म्हणजे खेळणं आहे का?"

"साहेब, तपासणी चालू असते तेवढीच त्यांची लाइन चालते."

साहेबांनी कव्हराकडे पाहिलं आणि उठून दार लावलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मला माहीत नाही का? पण हे बाहेर बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल आणि माझीही."

त्या घराला तपासणी बंद केली. आता ती फक्त दुरुस्तीवाल्यासमोरच व्हायची होती. मी कचेरीत राहिलो. शिडी गप्प बसला. त्याला दोष देण्याचा मला काय अधिकार?

पुढे तीन आठवड्यांनी आम्ही त्या घरी परत गेलो ते लाइन बंद करायला. नियमाप्रमाणे बंद करण्याआधी एक शेवटची तपासणी करावी लागते. पुढच्या खोलीत दाबपट्ट्या रिकाम्या होत्या. मावशी होती, आणि दूरच्या शहरातून आलेली लेक होती.

काकांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, मावशीनं सांगितलं. आदल्या संध्याकाळी ते टॅबसमोर बसले. "एकच वाक्य होतं रे त्याचं. माझा राग केव्हाच गेला, तू गेलीस ते बरं केलंस. सात वेळा सांगितलं त्यानं. समोरून ती सारखी, दिसत नाही, दिसत नाही. शेवटी हात दुखायला लागले तेव्हा म्हणाला, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी काका ऑपरेशनमधून उठलेच नाहीत.

"पण तुम्ही तिला सांगितलंत ना?" शिडीनं विचारलं.

"सांगितलं. आली त्याच दिवशी सांगितलं." मावशीनं डोळे पुसले. "ती म्हणाली, आत्या, कळलं मला, पण हे तुझे हात आहेत."

शिडीनं मला उघडलं. मित्रांनो, त्या दिवशी तरी काटा अडकावा म्हणून मी जीव तोडून प्रार्थना केली. काटा गेला आणि शंभरावर उभा राहिला. लेक पुढे आली. तिनं आकड्यावर बोट ठेवलं आणि हातांनी काही विचारलं.

"हे कशाचे शंभर, विचारतेय ती," मावशी म्हणाली.

शिडीनं वायर काढली. त्यानं आकड्याचा फोटो काढलाच नाही. 'ग्राहकाचे समाधान झाले का?' यापुढे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' दाबलं आणि खाली लिहिलं, 'बापाचं लेकीशी बोलणं झालं नाही.'

ती नोंद कचेरीतून परत आली. आकडा शंभर असताना 'नाही' चालत नाही, म्हणे. यंत्र बिघडलं असेल असा शेरा मारून मला या खणात टाकलं. शिडीनं काम सोडलं. जाताना त्यानं माझं कव्हर सारखं केलं आणि कपाट लावलं.

मित्रांनो, मी बिघडलेला नाही. मला आज लावलंत तरी मी शंभरच दाखवीन, म्हणून तर सांगतो. तुमच्यासमोर कोणी यंत्र उघडून मोठा आकडा दाखवला, तर खाली बसू नका. मोजलं कुठून कुठपर्यंत, एवढं विचारा, आणि ज्याची तक्रार आहे त्याच्या तोंडाकडे बघा. मी हजारो घरांत मोजलं, दर वेळी माझ्या मालकाच्या दारापर्यंत. त्या लेकीपर्यंत मी एकदाही मोजलं नाही.