हौलदिलाचा खडा

शेजारची मुबारकबी ओट्यापाशी आली तेव्हा गोजरबाई बाजरी पाखडत होत्या. एरवी "या भाबी, टेका" म्हणून पोतं पुढे सरकवणाऱ्या गोजरबाईंनी आज मान वर केली नाही.

"आक्का, त्यो खडा पायजे हुता," मुबारकबी म्हणाली. "ह्यांचं काळीज लई धडधडतंय. घास उतरंना."

"कंचा खडा?"

"हौलदिलाचा. रंगुबाईला बांधला हुता त्यो."

सूप चालूच राहिलं. आत पाळण्याशी रंगुबाई, गोजरबाईंची सून, बसली होती. पोराच्या झबल्याच्या गळ्यातून काळा दोरा बाहेर डोकावत होता. मुबारकबीला तो उंबऱ्याबाहेरूनही दिसला.

खडा तिच्या आजसासऱ्यापासून घरात होता. ते जातीचे पिंजारी. औरंगाबादेत एका हकिमाच्या गाद्या भरताना म्हाताऱ्याच्या छातीत घाबरं झालं, तेव्हा हकिमानं आपल्या गळ्यातला हिरवा दगड काढून त्याला घातला. मुगाच्या शेंगेसारखा फिकट हिरवा, चपटा, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. हा खाणीतला नव्हे, हकीम म्हणाला होता. काश्मीरच्याही पलीकडे बर्फाची एक नदी आहे, ती डोंगर फोडून याला घेऊन येते. म्हणून हा वैशाखातही थंड. काळजावर ठेवला की धडधड आपल्या अंगावर घेतो. ज्याच्या गळ्यात तो, त्याच्यावर वीज पडत नाही.

पाथर्डीत कुणी दचकलं, कुणाला झपाटल्यासारखं झालं, पहिलटकरीण भ्याली, की माणसं पिंजाऱ्याच्या दारी येत. मुबारकबी खडा धुऊन त्याचं पाणी पाजी, मग दोऱ्यात ओवून स्वतः बांधी. तिला मूलबाळ नव्हतं. गल्लीत ती पिंजाऱ्याची बायको होती. खडा बांधण्यापुरती मुबारकबी होत असे.

रंगुबाईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला मुबारकबीनंच तिच्या गळ्यात खडा घातला. मुलगा झाला, जगला. खडा आईच्या गळ्यातून लेकराच्या गळ्यात गेला, आणि मुबारकबीनं परत मागितला नाही.

दरवर्षी पोळा झाला की तिचा नवरा दाऊद पिंजण खांद्यावर टाकून निजामाच्या हद्दीतल्या गावांत कापूस पिंजायला जाई. त्या साली, अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, पलीकडे फौजा शिरल्या. तिकडे आधी एकांची घरं जळाली होती, मग दुसऱ्यांची जळाली. दाऊद परत आला तो अनवाणी, पिंजणाशिवाय. काय पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही. बाहेर कुणी मोठ्यानं हाक मारली तरी त्याचा हात छातीवर जाई.

"आक्का, चार दिवसांनी परत आनून देते," मुबारकबी म्हणाली.

आतून गोजरबाईंचा मुलगा मच्छिंद्र बाहेर आला. "भाबी, त्यो खडा नाथाचा हाय. मढीला नवस केल्ता आमी, तवा घावला."

"आरं मच्छिंद्रा, तुझ्या बायकोच्या गळ्यात ह्या हातांनी बांधलाय मी."

"आसं? मंग चला चावडीवर, तितं सांगा. दाऊदमामू कुठनं आलं, कवा आलं, त्ये बी सांगा."

दुसऱ्या कुठल्याही साली मुबारकबीनं गल्ली गोळा केली असती; या साली चावडीवर दाऊदला रझाकार ठरवायला वेळ लागला नसता. मच्छिंद्र रांगत होता तेव्हा तिच्या कापसाच्या ढिगात निजे. तिनं गोजरबाईंकडे पाहिलं. त्या खडे वेचायला लागल्या होत्या, आणि सुपात खडे नव्हते. आत रंगुबाईनं पोराच्या गळ्यावर हात ठेवला.

मुबारकबी पदर ओढून घरी आली. मोरीत बसून तिनं एक हिरवं काकण फोडलं, तुकडा फडक्यात गुंडाळून शिवला आणि दाऊदच्या गळ्यात बांधला.

"दिला त्यांनी?"

"दिला की. न दिऊन कसं?"

त्यानं पुरचुंडी मुठीत धरली. बराच वेळ धरून ठेवली. "गार लागत न्हाई गं."

"तुमचंच आंग तापलंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी पेज मात्र प्याला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, तो गेला. माणसं मय्यत धुवायला यायच्या आत मुबारकबीनं पुरचुंडी काढून चुलीच्या राखेत खोल दाबली. पिंजाऱ्याच्या घरात काकणाचा तुकडा बांधला होता असं कुणी बोलायला नको होतं.

दफन झाल्यावर चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी रंगुबाई ताट झाकून घेऊन आली. भाकरी, हुलग्याचं पिठलं.

"आत्याबाईंनी धाडलंय." ती हलेना. मग हळूच म्हणाली, "भाबी, काढून द्यावा म्हनत हुते मी. हात उचलंना. माजी दोन गेलीत."

"माजा येकच हुता," मुबारकबी म्हणाली.

रंगुबाई रडायला लागली. मुबारकबीनं तिच्या हातातून ताट घेतलं आणि दार लोटलं.

आत बसून ती ते जेवली. भूक लागली होती. सगळी भाकरी संपवली, ताटाला चिकटलेलं पिठलंही पुसून खाल्लं. मग राखेनं ताट घासलं, लख्ख धुतलं. फळीवरचे डबे एकेक उघडून पाहिले. तळाशी मूठभर भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. त्या तिनं ताटात घातल्या आणि दोन्ही घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीवर ताट ठेवलं.

हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं पलीकडून एक हात वर आला आणि ताट घेऊन गेला. तोंड दिसलं नाही.