डेल्फी आणि नीनेटच्या मधला पत्रा

पावलं वाजली की माझ्या पोटात गोळा येतो, मित्रांनो. पत्र्याला पोट नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याला कोण केव्हा उचलून नेईल या धास्तीत तुम्हीही भिंतीला टेकून उभे राहिलात, तर तुमचंही असंच होईल. मी स्टेनलेस स्टीलचा सरकता पत्रा आहे. वयाने जुना, तब्येतीने ठणठणीत. दोन पिंजऱ्यांच्या मधोमध बसायचं, हा माझा जन्मभराचा धंदा.

अमेरिकेत, लुइझियानातल्या दलदलीच्या कडेला आमची संस्था आहे. तिथे माणसांच्या आजारांवर औषधं शोधतात आणि त्यासाठी लालतोंडी माकडं पाळतात. संस्थेच्याच कारखान्यात मला कापलं, कुणाचं बोट चिरू नये म्हणून माझ्या कडा घासून गोल केल्या आणि एका बाजूला मूठ बसवली. मला पहिल्यांदा खाचेत सरकवलं तेव्हा बघणारे म्हणाले, "वा! इकडचं तिकडे काही दिसायचं नाही." मी फुशारलो. न दिसू देणं ही मोठीच कामगिरी आहे असं मला तेव्हा वाटायचं.

माझ्या डाव्या अंगाला डेल्फी आली. तरुण होती, चपळ होती. त्या काळी एका पिंजऱ्यात एकच माकड ठेवायची पद्धत होती. आधी ती नुसती गोल गोल फिरायची. मग स्वतःच्या हातावरचे केस उपटायला लागली आणि होता होता तिचा हात सोललेल्या कोंबडीसारखा उघडा पडला. माणसांनी तिच्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. शेंगदाणे भरलेला रबरी चेंडू दिला, साखळी टांगली, गाड्यावर ठेवून टीव्हीसुद्धा आणला. एकदा आरसा आणला. डेल्फीने आरशात बघितलं, मग आरशाच्या मागे हात घालून चाचपलं. मागे कुणीच नव्हतं. ती पाठ फिरवून बसली आणि पुन्हा केस उपटू लागली.

मग बऱ्याच वर्षांनी संस्थेत नवा विचार आला की माकडाला माकडाची सोबत हवी. जनावरांच्या डॉक्टर मर्सेला बातिस्त यांनी माझ्या उजव्या अंगाला नीनेटला आणलं. ही धाकटी, जरा भित्री. ओळख व्हावी म्हणून मला काढून माझ्या जागी जाळी बसवली. जाळीबाईंचा मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू? पण दोघी जाळीशी आल्या, ओठ चटचट वाजवून एकमेकींना रामराम केला आणि भोकांतून बोटं घालून एकमेकींच्या उवा शोधू लागल्या. ते बघून मी आपला राग गिळला.

जाळीही काढायचा दिवस ठरला. पिंजऱ्यांचं सगळं काम बघायचा अल्सीद गिद्री. पोट मोठं, आवाज मोठा, हात मात्र मऊ. त्याच्या घरी वसंतात हंडाभर क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडतात, टेबलावर वर्तमानपत्रं पसरतात आणि मधोमध तो लालभडक ढीग ओततात. सगळे भोवती उभे राहून त्यातच हात घालतात. एका ढिगातून खाल्लं की माणूस परका राहत नाही, हे त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं. तेव्हा या दोघींच्या भेटीसाठी त्याने अंगणातली संत्री सोलून आणली आणि पिंजऱ्याच्या मधोमध त्यांचा छान ढीग लावला.

जाळी निघाली. डेल्फी सरळ ढिगापाशी जाऊन बसली. नीनेटने एका फोडीला हात घातला, आणि डेल्फी तिला कडकडून चावली! किंचाळ्यांनी खोली दणाणली. अल्सीदने हाताला लागलं ते उचललं आणि दोघींच्या मध्ये घातलं. हाताला लागलो तो मी.

नीनेटच्या हाताला पट्टी बांधून डॉक्टरबाई आल्या.

"मिस्टर अल्सीद, झालं काय हे? जाळीतून तर गळ्यात गळे घालायच्याच बाकी होत्या!"

"काय सांगू, मिस मर्सेला! म्हातारी खाष्ट आहे. तिचं कुणाशी जमायचं नाही."

"मग शुक्रवारी नीनेटला पलीकडच्या इमारतीत नेऊ. तिथे एक शांत सोबतीण आहे."

"आणि डेल्फी?"

"ती एकटी राहील."

"कायमची?"

"पुन्हा चावली तर? कुठल्या तोंडाने आणखी एक माकड देऊ मी तिच्यापुढे?"

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. डेल्फीने पुन्हा हाताचे केस उपटायला घेतले. पण जरा वेळ गेला की ती यायची आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगाला पाठ लावून बसायची. पलीकडून नीनेट यायची आणि नेमकी त्याच जागी पाठ टेकायची. मी जातीचा थंडगार, पण त्या कोपऱ्यात मला दोन्ही अंगांनी ऊब लागत होती. ही एवढी गोष्ट मला ठाऊक आणि सांगायला तोंड नाही! कुणीतरी इकडे बघा रे, असं म्हणत मी नुसता खाचेत थरथरत होतो. बाहेरून गाडी गेली की मी खडखडायचो, तेवढाच माझा आवाज.

गुरुवारी दुपारी डॉक्टरबाई नीनेटची पट्टी बघायला आल्या आणि पिंजऱ्यांसमोर थबकल्या.

"मिस्टर अल्सीद, जरा इकडे या. अख्खा पिंजरा मोकळा आहे, आणि या दोघी बसल्यात कुठे बघा."

अल्सीदने वाकून माझ्या कोपऱ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी आत काय ठेवलं होतं तुम्ही?"

"संत्री. घरची."

"ते मीही खिडकीतून बघितलं. पण ठेवली कशी, आठवतं?"

"कशी म्हणजे? मधोमध ढीग. पाहुण्याला आपण घालतो तसा."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या काय तुमच्या मेव्हण्या आहेत? मोठीचं खाऊन झाल्याशिवाय धाकटीने हात घालायचा नाही, ही माकडांची रीत. आपण दोघींना भांडायला पाट मांडून दिला!"

"म्हणजे खाष्ट म्हातारी नव्हे, मी?"

"तुम्ही नाही, तुमचा ढीग खाष्ट. आणि मला तरी कुठे खटकला? माझ्या आईकडेही असाच ओततात."

शुक्रवारी नीनेटला न्यायची गाडी दाराशी येऊन उभी राहिली. डॉक्टरबाईंनी गाडीला थांबायला सांगितलं. आत दोन फळ्या टांगल्या, दोन चेंडू ठेवले, आणि संत्र्याच्या फोडी, शेंगदाणे तळाशी पसरलेल्या वाळक्या गवतात सगळीकडे विखरून दिले, म्हणजे कुणाला राखण करत बसता येऊ नये. अल्सीदने माझ्या मुठीला हात घातला. ओढलं मात्र नाही.

"ओढा ना!"

"ओढवत नाही, मिस मर्सेला. पुन्हा चावली तर ती गाडी निघेल."

"ओढा म्हणते ना!"

त्याने ओढलं. मी बाहेर आलो, पण त्याने मला खाली ठेवलं नाही, ढालीसारखं धरून ठेवलं. डेल्फी पुढे आली. नीनेट अंग चोरून वळली आणि तिच्याकडे पाठ करून बसली. मग डेल्फीचा हात उठला, स्वतःचेच केस उपटणारा तोच हात, आणि नीनेटच्या पाठीवरचे केस बाजूला सारत सावकाश उवा शोधू लागला. अल्सीदने माझ्यामागे तोंड लपवलं. त्याचं रडणं डॉक्टरबाईंना दिसू नये म्हणून मी उपयोगी पडलो, याचा मला आजही आनंद आहे.

तेव्हापासून मी धुण्याच्या हौदाशेजारी उभा आहे. डेल्फीच्या हातावर मऊ लव आली आहे. पण मला चैन नाही. मध्यंतरी नीनेटला औषध द्यायचं होतं म्हणून मला दिवसभर मध्ये घातलं, तर डेल्फीने माझ्यावर थपडा मारल्या आणि पुन्हा गोल गोल फिरू लागली. म्हणून पावलांची भीती.

आज सकाळी अल्सीदने मला उचललं. मला बघताच दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. माझा जीव अर्धा झाला. पण त्याने मला दोन बादल्यांवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर संत्री सोलायला घेतली. अर्ध्या फोडी इकडे, अर्ध्या तिकडे. रस माझ्या अंगावरून ओघळत होता. जन्मात मला कुणी आडवं केलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला अडगळीत टाका. माझ्यावर संत्री सोला, हवं तर भांडी वाळत घाला, पण मला पुन्हा त्या खाचेत बसवू नका. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही, तेव्हा मी आपोआप निकामी होणार नाही. ते काम तुम्हालाच करावं लागेल.