उलट्या अक्षरांचा दगड

मित्रांनो, संग्रहालयात शिरताना ज्या पायरीवर तुम्ही बुटांचा चिखल खरवडता, ती पायरी म्हणजे मी, एक जुना दगड. आता अर्धाच उरलोय. पण छापखान्यात होतो तेव्हा माझा थाट काय विचारता!

तिथला लेखनिक माझ्या गुळगुळीत पाठीवर तेलकट शाईने उलटी अक्षरं लिहायचा, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटायची. छपाई संपली की वाळू आणि पाणी टाकून मला घासायचं, की झालो कोरा. हे काम मालकांच्या दासीकडे होतं. ती त्यांच्या घरात जन्मली, म्हणून त्यांची. तिची पोर बिट्टीही तिथेच जन्मली, म्हणून तीही त्यांचीच. बाईचे हात कायम ओले, त्यामुळे छापील कागदाला शिवायची तिला सक्त मनाई होती. लेखनिकाला मात्र लिहिताना एकेक अक्षर मोठ्याने पुटपुटायची खोड होती. ते ऐकत, माझ्याकडे बघत, ही बाई गुपचूप वाचायला शिकली.

मग राज्य बदललं आणि नव्या राज्याची सनद माझ्या पाठीवर आली. पहिलीच ओळ होती, 'प्रत्येक माणूस जन्मतः स्वतंत्र आहे. त्याचे हक्क कोणी त्याला दिलेले नाहीत, म्हणून कोणी ते काढून घेऊ शकत नाही.' बाई वाचून जागच्या जागी थिजली. मालकांची लेक त्याच आठवड्यात सासरी निघाली होती आणि भांड्याकुंड्यांबरोबर बिट्टीलाही धाडायचं ठरलं होतं.

सनद लिहिणारे वकीलसाहेब पहिली प्रत तपासायला आले, तेव्हा बाईने जीव मुठीत धरून तोंड उघडलं.

"साहेब, यात प्रत्येक माणूस म्हटलंय. माझी पोर त्यात येते ना? मग तिला नेऊ नका म्हणावं मालकांना."

"हे तुला कुणी वाचून दाखवलं गं?"

"मीच वाचलं, साहेब."

साहेबांना भारी गंमत वाटली. त्यांनी प्रत तिच्या हातात दिली. "मग वाच बघू. वाचलंस तर पोर तुझी!"

अरेरे! सुलटं अक्षर तिने जन्मात वाचलं नव्हतं. कागदावरचं एक अक्षर ओळखू येईना. ती म्हणाली, "दगडावरचं वाचते, साहेब. चला ना, दगडावर दाखवते."

"राज्य कागदावर चालतं, बाई," साहेब म्हणाले. सगळे खो खो हसले. लेखनिक तर डोळे पुसत हसला. मेल्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी बिट्टीला गाडीत कोंबलं. ती "आई, आई" करत ओरडत होती आणि बाईला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मग तिने रद्दीतली एक प्रत उचलली आणि खिडकीपाशी कोरी बाजू आपल्याकडे करून उजेडाला धरली. अक्षरं आरपार दिसली, माझ्यावर असतात तशीच उलटी! तिने पहिली ओळ घडाघडा वाचली. धावत मालकांकडे गेली.

"वाचता येतंय मला, मालक! बघा, वाचते!"

मालकांनी मानही वर केली नाही. "गाडी गेली. दगड घासायला घे, उद्या दुसरं काम आहे."

तिने मला घासलं. पहिली ओळ सगळ्यात शेवटी ठेवली, तेव्हा मालक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तीही." दगडाला पाझर फुटतो म्हणतात. माझ्यावर त्या दिवशी पाणी होतं ते तिच्या डोळ्यांतलं.

पुढे कित्येक वर्षं ती मला घासत राहिली. बिट्टी तिला पुन्हा दिसली नाही. मी पातळ होत होत एक दिवस मोडलो आणि या पायरीला लागलो.

सनद आत काचेत आहे. हात लावू नका असं तुमच्या शाळेच्या बाई तुम्हाला बजावतात, आणि तुम्हीही गुणी मुलांसारखे लांब उभे राहता. छान. त्या कागदाची काळजी घ्यायला पुष्कळ जण आहेत. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीत बसाल. तेव्हा कुणा आईने दारात येऊन आपलं लेकरू मागितलं, तर तिच्या हातात कागद देऊन 'वाच बघू' म्हणू नका.