तिसरी हाळी

आमच्या नव्या चर्चमध्ये टाळी वाजवली, की ती साडेपाच सेकंद फिरत राहते. मी घड्याळ लावून मोजलं आहे. शेजारच्या गावापेक्षा मोठा घुमट हवा म्हणून जुनं चर्च पाडलं, तेव्हापासून अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, वेदीवरून काय बोलतात ते कुणालाही कळलेलं नव्हतं. त्याने भक्ती कमी झाली नाही, उलट वाढली.

मी लूक्का. स्पीकर बसवणं हा माझा धंदा. आमच्या केरळात पाला ते कोट्टयम कित्येक देवळं, मशिदी, चर्च माझ्या हातची. फक्त स्वतःच्या गावात मला कुणी विचारलं नाही. विश्वस्त चाक्कोच्चन यांनी घुमटात स्पीकरचे बारा मोठे डबे टांगले होते. शब्द कळेनात म्हणून आवाज वाढवायचा, वाढवला की तो जास्त घुमायचा, म्हणून पुन्हा वाढवायचा.

शेवटी माझी आई, अम्मच्चीच, म्हणाली, "जगभरच्या देवांना आवाज दिलास. तुझ्या अप्पच्चनच्या पुण्यतिथीला अच्चन त्यांचं नाव घेतात म्हणे. मला नुसतं 'बूं' ऐकू येतं. या रविवारी नाव ऐकू आलं नाही, तर पुढच्या वर्षी मी येणार नाही."

"चर्चमध्ये?"

"जगात."

पंचाईत अशी, की त्याच रविवारी माझ्या लग्नाची तिसरी हाळी होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नवरानवरीची नावं घराण्यासकट चर्चमध्ये पुकारतात. कुणाची हरकत असेल, तर त्याने अच्चनना जाऊन सांगायचं. अम्मच्चीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे ती साखरपुड्याला नव्हती. माझी होणारी बायको त्रेस्या वट्टक्कुन्नेल घराण्यातली आहे, असं मी अम्मच्चीला सांगितलं होतं. खरं तर त्रेस्या वट्टक्काट्टची. वट्टक्काट्टवाल्यांशी रबराच्या मळ्याच्या बांधावरून आमचा बावीस वर्षं दावा चालू आहे. पहिल्या दोन हाळ्यांना घुमटाने 'वट्टक्क'च्या पुढचं सगळं गिळलं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि त्रेस्या मला फार आवडते. तिसरी हाळीही गिळली जावी, एवढीच माझी प्रार्थना होती.

तरी अच्चनना विचारून आठवडाभर राबलो. डबे उतरवले. खांबांवर डोक्याच्या उंचीला उभे, अरुंद स्पीकर लावले, तोंडं बाकांकडे, आवाज कमी. मागच्या भिंतीला काथ्याच्या जाड चटया ठोकल्या.

"एवढ्याशा पट्ट्या? देवाला काय ऐकू जाणार?" चाक्कोच्चन म्हणाले.

"देवाचं सोडा, मागच्या बाकाचं बोला."

अच्चन दूर कन्नूरकडचे, गावात नवीन. त्यांनी मला बाजूला घेतलं. "थोडा घुमारा ठेव रे. नाहीतर माझं प्रवचन बसस्टँडवरच्या घोषणेसारखं वाटतं."

अम्मच्चीच्या बाकाजवळचा एक स्पीकर बंद ठेवता आला असता. हात बटणापर्यंत गेलाही होता. पण मग अप्पच्चनचं, माझ्या वडिलांचं, नावही गेलं असतं. हाळी आणि पुण्यतिथ्या एकाच कागदावरून वाचतात.

रविवारी अच्चननी कागद उलगडला, तर कागदाचा आवाजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत गेला. लोक दचकले.

"नेल्लिक्कल घराण्यातील लूक्का आणि वट्टक्कट्ट घराण्यातील त्रेस्या..."

तीनशे डोकी आमच्याकडे वळली. अम्मच्ची समोरच बघत राहिली.

"आज पुण्यतिथी. नेल्लिक्कल कुरुविळा उलहन्नान."

तिने मान खाली घातली. जपमाळ ओठांना लावली. मला रडू आलं, आणि धंद्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ती काठी टेकत सरळ अच्चनच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो. आता त्रेस्याला काय सांगायचं, तेच मला सुचत नव्हतं.

पाच मिनिटांनी ती बाहेर आली.

"हरकत सांगून आले."

"अम्मच्ची, ऐक तरी..."

"तूच ऐक. वट्टक्कट्ट नव्हे, वट्टक्काट्ट. बावीस वर्षं कोर्टाच्या प्रत्येक कागदावर मी ते नाव वाचतेय. माझ्या सुनेचं घराणं चुकीचं पुकारतात म्हणजे काय? त्यांना म्हटलं, माणसं पांगायच्या आत माइकवरून पुन्हा वाचा."