झऱ्याच्या वाटेवरचा वळसा

योवानाने माऊसचं बटण दाबून धरलं, तसा पडद्यावरच्या सपाट हिरव्या जमिनीतून डोंगर फुगत फुगत वर आला.

"पुरे, पुरे!" शेजारच्या खुर्चीवर बसलेली तिची आई सेनायदा म्हणाली. "एवढा उंच कुठे होता? त्यावर आमच्या शेळ्या चढायच्या, देवदूत नाही."

योवानाने डोंगर खाली घेतला. तो जरा जास्तच खाली गेला आणि त्याच्या जागी खड्डा पडला. पलीकडच्या टेबलावर कीबोर्डमधली धूळ फुंकत बसलेल्या विल्बेरने मान न वळवताच हसून घेतलं. सायबर कॅफे त्याचा होता. सकाळी मुलं शाळेत असत, मशीनं रिकामी पडून असत, म्हणून त्याने या मायलेकींना बोलावलं होतं. हुआमांगा शहराच्या त्या चढावरच्या वस्तीत निम्मी माणसं वायराकुचो गावातून पळून आलेली. विल्बेरची आजीही तिथलीच.

"मावशी, हिला सांगा, आधी जमीन, मग पाणी, मग झाडं. माणसं शेवटी. काल हिने आधी माणसं ठेवली आणि मग खालून डोंगर उचलला. बिचारी सगळी शिखरावर अडकून बसली."

"तुझा गेम, तुझी अक्कल," योवाना म्हणाली. "दुसऱ्याला शिकवताना अर्धं पोटात ठेवतोस."

हा गेम लढायांचा. गावं वसवायची, सैन्य उभं करायचं आणि शेजाऱ्याचं गाव जाळायचं. पण त्यातच आपला नकाशा आपण घडवायची सोय होती, आणि योवानाला तेवढंच हवं होतं. तिच्या मामाला, सातुर्निनोला, ती जन्मायच्या आधी वायराकुचोतून नेलं होतं. कोणी नेलं, हे आई सांगत नसे. त्या वर्षांत रात्रीअपरात्री गावात शिरणारे एकाच बाजूचे नव्हते, कधी सैनिक असत, कधी बंडखोर. नंतर गाव जळलं, आणि आता तिथे गवत आणि निवडुंगाखेरीज काही उरलं नव्हतं. गेल्या वर्षी बेपत्ता माणसांची हाडं शोधणारं पथक तिथे गेलं. सेनायदाने सांगितलं त्याप्रमाणे त्यांनी चॅपलच्या दारापाशी खणलं, तर खापऱ्या निघाल्या आणि मेंढीची हाडं. या उन्हाळ्यात ते आणखी एकदा जाणार होते. त्यानंतर पथक दुसऱ्या खोऱ्यात हलणार होतं, आणि तिथून परत इकडे फिरकेल याची हमी कुणीच दिली नव्हती.

पथकातल्या बाईंनी गावाचा नकाशा काढायला सेनायदाला कागद-पेन्सिल दिली होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत केला.

"कागद सपाट आहे," ती म्हणाली होती. "आमचं गाव सपाट नव्हतं."

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी सगळी वस्ती फुलं घेऊन दफनभूमीत जाई. सेनायदाही जाई, आणि कुठल्यातरी अनोळखी थडग्यावर फुलं ठेवून परत येई. योवानाला ते बघवत नसे. आईला हक्काची एक जागा मिळावी, एवढ्या एका गोष्टीसाठी ती भाजीची गाडी बंद ठेवून रोज सकाळी इथे येऊन बसत होती.

हळूहळू गाव उभं राहिलं. ओढा आला, मक्याची शेतं आली, खळं आलं. घरांशी मात्र पंचाईत झाली. गेममध्ये सगळी घरं परदेशी, लाल कौलांची आणि खिडक्याबिडक्या असलेली.

"हे कुणाचं? बिशपचं?"

"आई, यात याहून लहान घर नाही."

"मग राहू दे. सातुर्निनोला आवडलं असतं. त्याला मोठेपणाची हौस भारी."

सेनायदा शालीतले भाजलेले मक्याचे दाणे एकेक तोंडात टाकत हसली. आई मामाबद्दल अशी सहज बोलली की योवानाला बरं वाटे. आज तर ती भलतीच खुशीत होती. हे झाड पुढे घे, ती भिंत मोडकी होती, इथे प्रुदेन्सियोचं खोगीर टांगलेलं असायचं. प्रुदेन्सियो हा विल्बेरचा आजोबा. विल्बेरनेही तेवढ्यात मान वर केली.

"मावशी, आजी म्हणते आजोबांकडे दोन खेचरं होती."

"एकच. दुसरं उधारीचं."

विल्बेरची आजी हर्मेलिंदा हिने पथकाला हाडांशी जुळवायचा रक्ताचा नमुना द्यायला साफ नकार दिला होता. रक्त मेलेल्यांसाठी द्यायचं, माझा माणूस जंगलात कॉफी तोडायला गेलाय, असं तिने त्या बाईंना तोंडावर सुनावलं होतं. वस्तीत सगळ्यांना ते पाठ होतं. प्रुदेन्सियोने तिकडे दुसरा संसार थाटला असेल, अशी थट्टाही चालायची. सेनायदा रविवारी तिच्याकडे जाऊन बसे आणि तिचं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेई.

"झालं," योवाना म्हणाली. "आता चालवून बघू. आई, कुणाला कुठे पाठवू?"

"बाईला पाण्याला पाठव. आमच्या दारातून झऱ्यावर."

पडदा काळा झाला. सेनायदाने घाईघाईने छातीवर क्रूस काढला.

"घाबरू नका, मावशी," विल्बेर म्हणाला. "गेम असाच असतो. माणूस जिथून चालतं तिथलाच अंधार सरतो."

निळ्या झग्यातली एक चिमुकली बाई दारातून निघाली. ती चालेल तसं गाव उजळत गेलं. मोडकी भिंत दिसली, खळं दिसलं, चॅपल दिसलं. चॅपलमागे मोकळं मैदान होतं आणि त्यापलीकडे झरा. वाट सरळ नाकासमोर. बाई मैदानाच्या कडेला आली, डावीकडे वळली, मैदानाला लांबलचक वळसा घालून झऱ्यावर पोचली आणि थांबली.

"अगं, ही अशी काय गेली?" योवानाने तिला परत बोलावलं. येतानाही ती तशीच वळून आली.

मग तिने एका लाकूडतोड्याला पाठवलं. तोही वळला. ओढ्याकडून एक मेंढपाळ पाठवला, तो उजवीकडून वळला. मैदानाच्या मधोमध अंधार तसाच राहिला. दुपारच्या उन्हात काळा कपडा वाळत घालावा तसा तो तिथे पडून होता.

"तिथे काहीतरी ठेवलंयस तू," विल्बेर उठून आला. "गेम सगळ्यात जवळची वाट धरतो. मध्ये काही असल्याशिवाय वळत नाही."

"गवत आहे नुसतं."

विल्बेरने माऊस घेतला. त्याने मैदान जवळ आणून पाहिलं, सगळं खरवडून काढलं, नवं गवत पसरलं. बाई पुन्हा वळली. त्याने नकाशा दुसऱ्या मशीनवर नेला. तिथेही तेच. मग त्याने चिडून एक कोरा नकाशा उघडला, त्यात फक्त गवत आणि एक बाई ठेवली. ती बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ चालत गेली.

"म्हणजे गेम ठीक आहे," तो म्हणाला. आवाजातली थट्टा कमी झाली होती.

योवानाच्या मनात पाल चुकचुकली. तिने पुन्हा गाव उघडलं आणि बाईला झऱ्यावर न धाडता थेट त्या मैदानाच्या मधोमध जायला सांगितलं. बाई निघाली, मैदानाच्या कडेपर्यंत गेली आणि अंधाराकडे तोंड करून उभी राहिली. योवानाने कितीदा बटण दाबलं, पण ती जागची हलली नाही. रस्त्यावरून गॅसची गाडी घंटी वाजवत गेली. भर सकाळी, एका जुन्या गेमपायी आपण घाबरतोय याचा योवानाला राग आला.

"बिघडलंय हे," ती म्हणाली. "उद्या पुन्हा पहिल्यापासून करू."

"बिघडलेलं नाही," सेनायदा म्हणाली.

तिने दाणे खाणं कधीच थांबवलं होतं. शाल मुठीत गोळा करून ती पडद्याकडे बघत होती.

"गाव सोडेपर्यंत आम्ही असंच जायचो. पाण्याला जाताना. मी, माझी आई, सगळ्या बायका. डोक्यावर घागर असली तरी वळसा घालून. कुत्रीसुद्धा तिथून जात नव्हती."

"का?"

"सातुर्निनो तिथे आहे."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. योवानाला आधी काही कळलंच नाही. मग गेल्या वर्षी चॅपलच्या दाराशी आखलेल्या खुणा, पथकातल्या माणसांची उन्हात भाजलेली पाठ, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला आईवर ओरडावंसं वाटलं.

"आई, ते लोक आठवडाभर खणत होते! तू समोर बसली होतीस! चॅपलच्या दाराशी म्हणालीस!"

"त्यांनी विचारलं, शेवटचा कुठे पाहिला. दाराशीच पाहिला, उभा. मी तेच सांगितलं."

"आणि हे? हे का नाही सांगितलंस?"

विल्बेर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सेनायदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

"एकट्याचं सांगता येत नव्हतं," ती म्हणाली.

योवानाला त्या क्षणी ते नीट ऐकूही आलं नाही. जागा मिळाली होती. तिने नकाशा पुन्हा घडवायला उघडला. रंगांमधून तांबडी माती निवडली आणि ब्रश सगळ्यात लहान केला, एका माणसापुरता. मैदानाच्या मधोमध तिने एक तांबडा ठिपका ठेवला. पथकातल्या बाईंना दाखवायला एवढं पुरेसं होतं. आता मामा सापडेल, याच उन्हाळ्यात सापडेल, आणि नोव्हेंबरात आई फुलं घेऊन त्याच्याकडे जाईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथे ना, आई?"

"मोठं कर."

"काय?"

"ते तांबडं. मोठं कर."

योवानाने ब्रश एक माप वाढवला. ठिपक्याचा चौकोन झाला, घराएवढा.

"अजून."

तिने आणखी वाढवला. तांबडी माती खळ्याएवढी झाली. योवानाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. सेनायदाने मान हलवून पुढे चल अशी खूण केली, तशी योवानाने पुन्हा बटण दाबलं, आणि पुन्हा. माती चॅपलच्या मागच्या भिंतीला भिडली, झऱ्याच्या काठापर्यंत गेली. निळ्या झग्यातली बाई जिथून वळत होती, नेमकी त्याच कडेला जाऊन माती थांबली.

"आता बरोबर," सेनायदा म्हणाली. "सगळे मावले."

सेनायदाने मागे वळून विल्बेरचा हात खुर्चीच्या पाठीवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"जा बाळा, आजीला घेऊन ये," ती म्हणाली. "घाई करू नकोस. हळू आण तिला."