खुंटीच्या अलीकडे

जमिनीत फिरवून घातलेल्या गिरमिटातून निघालेला मातीचा तुकडा मनगटाएवढा जाड होता. वरची वीतभर माती तपकिरी, खालची एकदम करडी, आणि त्या करड्या मातीत जिथून जिथून गवताचं मूळ गेलं होतं तिथं त्याच्याभोवती गंजाची बारीक नळी. माती फार काळ पाण्याखाली राहिली की तिच्यातलं लोह असंच वागतं. बाकी सगळीकडून निघून जातं, आणि मुळातून थोडी हवा झिरपते तिथं गंज होऊन बसतं.

मी प्रयोगशाळेत माती तपासते. त्यामुळे बांधकामाआधी जागा तपासायला आलेल्या निरीक्षक बाईंनी गिरमिट आपटून तो तुकडा कागदावर काढला तेव्हाच मला निकाल कळला. आमच्या प्लॉटमागची पाणथळ लव्हाळ्याच्या कडेला संपत नव्हती. ती चार मीटर अलीकडे आली होती. तिथून आमच्या बाजूला आणखी पंधरा मीटर राखीव पट्टा, म्हणजे तिथं वीटसुद्धा ठेवायची नाही. पट्टा संपतो तिथं बाईंनी गुलाबी फीत बांधलेली खुंटी ठोकली.

"तू तरी भांडायचंस," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला.

"मातीशी?"

"बाईंशी."

"बाई बरोबर आहेत."

तो सुतार आहे, मापापुढे तोही फार बोलत नाही. खूश दिसले ते फक्त बाबा. छत्रीचं टोक खुंटीला टेकवून म्हणाले, "बघ. दोनच माणसांचं घर बांधा, असं जमिनीचंच म्हणणं आहे."

आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जिना चढताना मध्येच थांबतात आणि विचारलं तर म्हणतात, दारांवरच्या पाट्या वाचत होतो. गेल्या वर्षी समोर नवी इमारत उठली आणि त्यांच्या खिडकीत आकाशाऐवजी कुणाच्या तरी न्हाणीघराचा पाइप आला. आमच्याकडे राहायला या, याला त्यांचं उत्तर एकच, "बघू." माझा नवरा त्यांना बघूराव म्हणतो, तेही तोंडावर.

घराच्या नकाशात त्यांची खोली होती. चार मीटरनं नेमकी तीच खाल्ली.

"तिसरं माणूस असेल तर सांडपाण्याचा शोषखड्डाही मोठा लागेल, आणि तोही पट्ट्याबाहेर," निघताना बाईंनी सांगितलं. "माणसं किती ते ठरवूनच अर्ज करा. नंतर वाढवलीत तर सगळं पहिल्यापासून."

त्या आठवड्यात आम्ही नकाशा नव्यानं काढला. पट्ट्यामुळे जागा गेली असेल तर घर रस्त्याकडे थोडं जास्त सरकवायला नियमात सवलत आहे, ती मागितली. पोर्च काढला. तरी एक खोली बसेना. नवऱ्यानं बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग खोडरबर घेतलं आणि स्वतःची कामाची खोली पुसून टाकली. वर फुंकर मारली. "चल, शोषखड्ड्याचं बघू," म्हणाला, आणि स्वतःच हसला. "सासऱ्यांचा गुण लागला."

परवाना कार्यालयात बाबा सोबत म्हणून आले. रांगेत उभे असताना त्यांनी नकाशा मागून घेतला, लांब धरला, मग जवळ.

"जावईबापू, तुमचा कारखाना कुठं गेला?"

"अंगणात. रस्त्याच्या बाजूला."

"आणि पावसात?"

"पावसात सुट्टी. रंधा अंगणात ठेवता येतो, बाबा. सासरे अंगणात ठेवले तर लोक नावं ठेवतात."

बाबा हसले नाहीत. ती पुसलेली खोली कागदावर अजून पुसट दिसत होती. तिच्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ओल असेल तिथं," ते मला म्हणाले. "गुडघ्याला बाधेल."

"घर खांबांवर आहे. जमीन ओली राहील, फरशी नाही."

"डास."

"जाळ्या आहेत."

"शिवाय तुमच्यात माझी लुडबुड."

"ती आताही चालूच आहे, फोनवर," नवरा म्हणाला. "समोर बसून केलीत तर बिल तरी वाचेल."

तेवढ्यात आमचा नंबर आला. खिडकीतल्या कारकून बाईंनी कागद उलटेपालटे केले. सवलतीच्या पानावर मान डोलावली, खुंट्यांच्या मोजमापावरही. मग त्यांचं पेन एका रिकाम्या चौकटीवर थांबलं.

"राहणारी माणसं किती? दोन की तीन?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं नाही. शोषखड्डा तिघांसाठी बसत होता. मी तो तीनदा मोजला होता. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

"बघू," बाबा म्हणाले.

"आजोबा, या चौकटीत आकडाच लागतो," बाई म्हणाल्या. "बघू चालत नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी चष्मा सारखा केला, नकाशावर वाकले आणि त्यांच्या खोलीच्या भिंतीतल्या दोन समांतर रेघांवर नख ठेवलं.

"ही खिडकी कुणीकडे उघडते?"

"पाणथळीकडे," मी म्हटलं.

"पुढे कुणी इमारत बांधली तर?"

"बांधता येणार नाही. खुंटीच्या पलीकडे कुणालाच. आपल्यालाही नाही."

"कधीच?"

"नियम आहे तोवर नाही."

त्यांनी नख उचललं नाही. खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"तीन लिहा," बाबा म्हणाले.