सिन्योरा लिंडक्विस्टची गाडी

आमच्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर माझ्या बाबांसारखा ड्रायव्हर नाही, असं परदेशी पाहुणे सांगतात आणि ते खोटं नाही. भर ऑगस्टमध्ये कोट चढवून बाबा नेपल्सच्या स्टेशनावर पाहुण्याच्या नावाची पाटी धरून उभे राहतात. गाडीत थंड पाणी आणि बदामाची बिस्किटं असतात. म्हातारी बाई असली तर दार उघडून हात पुढे करतात, आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत एकही वळण तिच्या पोटाला कळू देत नाहीत.

आम्हा घरच्यांना मात्र ती गाडी लांबून बघायची. पिकतं तिथे विकत नाही, तशातली गत. माझ्या लग्नाच्या दिवशी बाबांना रावेल्लोत दुसऱ्याच एका नवरीला पोचवायचं होतं. मला चर्चपर्यंत बाबांच्या चुलतभावाने, सबातोकाकांनी सोडलं. त्यांच्या गाडीला आदल्या दिवशीच्या मासळीचा वास येत होता. आई तेव्हाही म्हणाली होती, "जाऊ दे गं एर्सिलिया, सीझन आहे."

तर यंदा जुलैत आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती नेपल्सच्या इस्पितळात अडकली. मी लांब उत्तरेला तोरिनोला असते, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. शनिवारी तिला घरी, प्राइआनोला, सोडणार म्हटल्यावर रजा काढून आले. बाबांना मी रोज फोन करून आठवण करत होते आणि बाबा रोज एकच उत्तर देत होते, "अगं बाई, माझ्या बायकोला मी विसरेन का?"

विसरले नाहीत. आदल्या संध्याकाळी फोन आला.

"उद्या सकाळी स्टेशनावर दोन अमेरिकन सोडायचेत, जुनी गिऱ्हाइकं आहेत. पण काळजी करू नकोस, मी सबातोला सांगितलंय. तो येईल."

मी डोक्यावर हात मारला. आमच्याकडची रीत अशी की आलेल्या कामाला कुणी नाही म्हणत नाही. आधी हो म्हणायचं. नंतर जमत नसेल तर ते आपल्या माणसाकडे सरकवायचं. काम गोतावळ्याबाहेर जाता कामा नये, मग ते कुणाच्या का हाती पडेना. गिऱ्हाईक पैसे देत असतं म्हणून त्याच्या बाबतीत हे जमून जातं. फुकटच्या कामाचं काय होतं ते मी लहानपणापासून बघत आलेय.

आई सकाळपासून तयार होती. नर्सकडून केस विंचरून घेतले, ओठांना लाली लावली, आणि तिची सामानाची पिशवी मांडीवर घेऊन चाकाच्या खुर्चीत बसली. शेजारच्या खाटेवर पुपेल्ला नावाची बाई होती. तिलाही आजच सोडणार होते. तिच्या तीन मुलांनी, सुनांनी आणि नातवंडांनी मिळून खोलीत जत्रा भरवली होती.

"राकेले, तुला न्यायला कोण येणार गं?" तिने आईला विचारलं.

"माझा नवरा," आई म्हणाली. "ड्रायव्हर आहे तो. मोठी गाडी आहे आमची, काळी."

"नवरा की सबातोकाका?" मी पुटपुटले.

"तू गप्प बस. तो स्वतःच येईल बघ. शेवटच्या घडीला येतोच तो."

मी खुर्ची ढकलत तिला फाटकाशी आणलं. ऊन तापायला लागलं. सबातोकाकांचा पत्ता नव्हता, तेव्हा मीच फोन लावला.

"काका, कुठे आहात?"

"मी? मी पोझितानोत. जर्मन लोक आलेत गं, सहा जण, बॅगा म्हणजे कपाटं! पण तू काळजी करू नकोस, मी तोम्माझोला सांगितलंय."

तोम्माझो म्हणजे काकांचा मेहुणा. त्याला लावला.

"अगं, माझ्या गाडीचा एसी सकाळी गेला. वहिनीला अशा उकाड्यात आणू का मी? शोभतं का ते? मी माझ्या भाच्याला, काटेल्लोला सांगितलंय. पोरगं भरवशाचं आहे, काळजी करू नकोस."

काटेल्लोने फोन उचलला तेव्हा मागे समुद्राचा आणि पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता.

"आज? तोम्माझोमामा तर रविवार म्हणाला."

"आज, काटेल्लो. आत्ता. ती उन्हात बसलीये."

"अरेरे. मग एक काम करतो, मी सबातोकाकांना सांगतो. तू काळजी…"

मी फोन ठेवला. बारा घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, आणि वर मलाच विचारत होता.

"आला का गं?" आईने विचारलं.

बाबांना चार वेळा लावला. व्यस्त. गाडी चालवत असतील, आई म्हणाली. नवीन गिऱ्हाइकांशी गोड बोलत असतील, मी म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. रडू पण येत होतं आणि त्याचा जास्तच राग येत होता.

मग मी चार पावलं लांब गेले आणि सोरेंतोच्या एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीला फोन लावला, त्यांची जाहिरात इस्पितळाच्या बसथांब्यावर चिकटवलेली होती. नेपल्सच्या बोलीत बोलले असते तर त्या पोरीने मला दुपारनंतरचं काहीतरी सांगितलं असतं. म्हणून मी जीभ जड केली, क्रियापदांची वाट लावली आणि दुकानात दरवर्षी चष्मा बदलायला येणाऱ्या एका स्वीडिश बाईचं नाव ठोकून दिलं.

"मी सिन्योरा लिंडक्विस्ट. पाय मोडली. इस्पितळ फाटक उभी. प्राइआनो जायची. दोन बाई, एक पिशवी."

पोरीचा आवाज एकदम मधाळ झाला. "अरेरे सिन्योरा! लगेच व्यवस्था करते. किनाऱ्याकडे परतणारी एक गाडी जवळच आहे. पाणी थंड हवं की साधं?"

तिने सांगितलेले पैसे ऐकून मी डोळे मिटले आणि हो म्हटलं. तेवढ्या पैशांत मला तोरिनोला जाऊन परत येता आलं असतं. पण माझी आई आणखी ताटकळणार नव्हती, हे मी ठरवलं होतं. परत येऊन तिला एवढंच सांगितलं, "गाडी येतेय."

तेवढ्यात पुपेल्लाची वरात फाटकातून बाहेर पडली. एक मुलगा खुर्ची ढकलतोय, दुसरा डोक्यावर छत्री धरतोय.

"अगं राकेले, अजून इथेच? आम्ही सोडू का तुला? बस आमच्यात, दाटीवाटीने."

"नको नको. येतोय तो."

आणि काळी गाडी वळली. मी आधी नंबर ओळखला. बाबांचीच गाडी. दहा मिनिटांच्या आत. म्हणजे स्टेशनावर अमेरिकन उतरवल्यापासून बाबा तिथेच वाहनतळावर झाडाखाली बसले होते. रिकामी गाडी किनाऱ्याकडे न्यायची म्हणजे आमच्या ड्रायव्हर लोकांना पाप वाटतं, परतीचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते हलत नाहीत, एकेका कंपनीला फोन लावत बसतात. त्यांची बायको दोन रस्ते पलीकडे उन्हात बसलेली आणि हे परतीचं गिऱ्हाईक शोधत होते! सोरेंतोच्या पोरीने हाक मारली आणि बाबा हो म्हणाले.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त गाडी दिसली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"पुपेल्ला! आला गं माझा नवरा! बघ, सांगत होते ना!"

बाबा उतरले. कोटाची बटणं लावली. मागच्या सीटवरची पाटी घेऊन छातीशी धरली आणि आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत एखादी गोरी बाई शोधू लागले. पाटीवर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: सिन्योरा लिंडक्विस्ट.

मग त्यांना आम्ही दिसलो.

"अरे, राकेले! सबातो नाही आला अजून? मी त्याला दहादा बजावलं होतं. मला आत्ता एक अर्जंट काम आलंय, एक स्वीडिश बाई पाय मोडून…"

बोलता बोलता त्यांनी आईच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पाटी खाली घेतली, पण तोवर आईने ती वाचली होती.

आईने माझ्याकडे मान वळवली. "तू फोन केला होतास?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ही रडणार. पुपेल्लाची सगळी फौज बघत उभी होती आणि मधल्या सुनेने विचारलंच, "हे कुणाचं नाव गं लिहिलंय?"

"माझं," आई म्हणाली. "लाडाचं नाव आहे. घरातलं."

पुपेल्लाच्या सुनेला ते फार गोड वाटलं. बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी पुढचं दार उघडलं, आईची नेहमीची जागा.

"मागचं उघड," आई म्हणाली.

"राकेले, पुढे पाय लांब करता येईल तुला…"

"गिऱ्हाईक मागे बसतं. हात दे."

बाबांनी हात दिला. शपथेवर सांगते, मी माझ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना आईला हात देऊन गाडीत बसवताना पाहिलं. मी तिच्या शेजारी बसले. पुढची सीट रिकामी राहिली.

कास्तेल्लामारे गाव मागे पडलं. मग आईने विचारलं, "पाणी नाही का या गाडीत?"

बाबांनी बाटली मागे दिली.

"बिस्किटं?"

बिस्किटं आली. आईने एक खाल्लं, दुसरं मला दिलं. "चांगली आहेत. कुठून आणतोस रे?"

"व्हिएत्रीच्या पुढे एक बेकरी आहे."

"इतक्या वर्षांत घरी कधी आणली नाहीस."

"तू कधी म्हणालीच नाहीस!" बाबा उसळले. "आणि मला काय माहीत सबातो असं करेल म्हणून? मी सांगितलं होतं त्याला! माझी काय चूक यात? एर्सिलिया, तू सांग, माझी चूक आहे का?"

"तुम्ही स्टेशनावर बसला होतात," मी म्हणाले. "रिकामी गाडी घेऊन. फोन का लागत नव्हता?"

"काम मिळवायला फोन करायला नको का? परत रिकामा येऊ?"

"आम्ही होतो ना!" मी ओरडले. "आम्ही दोघी होतो की भरायला!"

"तुम्हाला सबातो आणणार होता!"

या माणसाला खरंच कळत नव्हतं. तेच जास्त चीड आणणारं होतं. खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वळणं सुरू झाली होती आणि गाडी अशी सुळसुळ चालली होती की बाटलीतलं पाणीही डुचमळलं नाही. त्याही रागात मला ते कळत होतं.

प्राइआनोत चर्चखालच्या वळणावर गाडी थांबली. आमचं घर तिथून वर पायऱ्यांवर आहे, तिथवर गाडी जात नाही. बारच्या बाहेर कोण बसलं होतं? सबातोकाका. समोर बर्फाची कॉफी.

बाबांचा फोन वाजला. ते ऐकून म्हणाले, "हो हो, निघालोच." मग मागे वळून हळूच, "राकेले, अमाल्फीत एक जोडपं थांबलंय. सबातो आहेच इथे. तो आणि कुणीतरी मिळून तुला वर…"

"सबातोला कशाला त्रास?" आई म्हणाली. "तो तोम्माझोला सांगेल."

ती जागची हलली नाही. मांडीवर पिशवी धरून सरळ बसली. मागे सरकारी बस येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजवू लागली, कारण त्या वळणावर आमची गाडी असताना बस निघत नाही. बसमागे आणखी गाड्या. बारमधली माणसं उठून बघायला आली.

"राकेले, लोक बघतायत."

"बघू देत. मला घरापर्यंत जायचंय. गिऱ्हाइकाला तू असं रस्त्यात सोडतोस का?"

बसवाला खिडकीतून बाबांवर ओरडला, "अनिएल्लो, संध्याकाळ करणारेस का?"

बाबांनी गाडी भिंतीला खेटून लावली आणि खाली उतरले. कोट काढून मागच्या सीटवर टाकला. सबातोकाकांच्या बुडाखालची खुर्ची ओढून घेतली, काका कॉफीसकट उठले. आईला त्या खुर्चीत बसवलं. एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने काका, आणि पिशवी घेऊन मी मागे. काका पायऱ्यांच्या प्रत्येक वळणावर सांगत होते की तोम्माझोने घात केला. बाबांचा फोन खिशात वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्यांचे दोन्ही हात खुर्चीला होते.

वर पोचलो तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. काका मान खाली घालून निघून गेले. बाबांनी आईला पलंगावर बसवलं, उशी पाठीमागे सरकवली, ती वाकडी बसली म्हणून परत नीट केली. मग दारात उभे राहून धापा टाकत म्हणाले, अगदी कळवळून म्हणाले, "हे नाटक कशाला करायचं, राकेले? सरळ सांगितलं असतंस तर मी आलो नसतो का?"

"सरळच सांगितलं होतं," आई म्हणाली. "पण बायको म्हणून सांगितलं होतं."